गायिकेची मुद्रणं माझ्याकडं आहेत. तिच्यावर कादंबरी लिहू का?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. वाळपईजवळ राहतो. नव्वदीच्या दशकात एका मराठी दैनिकात संगीतावर लिहायला लागलो. कला अकादमीतल्या मैफली, वास्कोच्या दामोदर सप्ताहातले पार (गात निघणाऱ्या मिरवणुका), जत्रेतली संगीत नाटकं, जे जे कानावर पडे त्यावर लिहायचो. पुढं एका मित्राबरोबर ध्वनिमुद्रणाचं छोटंसं काम सुरू केलं. आधी कॅसेटी, मग सीडी. घुमट आरत्या, फुगड्या, धालोगीतं, गावोगावच्या भजनी मंडळांचे अभंग. जत्रेत खाज्यांच्या दुकानांच्या रांगेत टेबल मांडायचं आणि तिथंच एक स्पीकर लावून विकायचं. आता लोकांच्या घरात सीडी वाजवायचं यंत्रच उरलं नाही, तेव्हा ते काम आपोआप थांबलं.

त्या सगळ्या कामात एक आवाज मला असा भेटला की अजून तो माझी पाठ सोडत नाही. सत्तरी ओलांडलेली बाई. तरुणपणी मुंबईत काही वर्षं तालीम घेतलेली, मग घरच्या कारणानं गावी परतलेली. गावी आल्यावर जत्रेतल्या नाटकांत पदं म्हणायची, नंतर गावातल्या मुलींना शिकवायची. तिचं मुद्रण आम्ही तिच्याच घरी, ओसरीतल्या सोप्यावर बसून केलं. पावसात कौलं वाजतात म्हणून चतुर्थी उलटून दसरा येईपर्यंत थांबलो. माइक एकच. पेटीवर तिचा भाचा, तबल्यावर गावचाच एक पोरगा. एका पदाच्या अंतऱ्यात ती मध्येच थांबते आणि भाच्याला म्हणते, ‘गंधार काय पोटात घालून बसलास? बाहेर काढ तो.’ आणि तिथूनच पुन्हा उचलते. टेपवर हे सगळं आहे. मागं कोंबडा आहे, लांबून जाणारी कदंब बस आहे.

शेवटच्या बैठकीला तिला बरं नव्हतं. नको म्हटलं तरी ऐकेना. भैरवी घेतली. तारषड्जावर आवाज फाटला, परत गेली, परत फाटला, तरी गात राहिली. माझ्या मते तिचं तेच गाणं सगळ्यांत मोठं आहे. टेप ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘हे बाहेर काढायचं नाही.’ पुढच्या वर्षी ती गेली.

मला तिच्यावर कादंबरी लिहायची आहे. लेख लिहून भागणार नाही एवढं माझ्याकडं आहे, आणि चरित्र लिहायला जावं तर मधल्या वीस-पंचवीस वर्षांचं कुणालाच नीट सांगता येत नाही. नाव बदलून लिहावं का? ती शेवटची भैरवी कादंबरीत आणावी का? आणि पुस्तकाबरोबर ते मुद्रण लोकांसमोर ठेवावं का? गाण्यावर लिहिणारा आणि गाणं विकणारा माणूस कादंबरीकडं वळला, असं कुणाचं उदाहरण माहीत असेल तर तेही सांगा.

म्हापशेकर

सत्तरीकर, तुमच्या तिन्ही प्रश्नांतून गेलेला एक माणूस आहे. रॉस रसेल. अमेरिकेतला, जॅझवाला. माझी उमेदीची वर्षं मुंबईत फोर्टातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात काउंटरमागं गेली. हा माणूस मला आधी तबकडीच्या वेष्टनावरून कळला, पुस्तकांतून पुष्कळ नंतर.

जन्म १९०९ चा. सुरुवातीला स्वस्त मासिकांना रहस्यकथा पुरवायचा. महायुद्धात मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑपरेटर होता. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, हॉलिवूडला टेम्पो म्युझिक शॉप नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं. पुढच्याच वर्षी डायल रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली, ती मुख्यतः एका माणसाचं वाजवणं पकडण्यासाठी: आल्टो सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर. तेव्हा बीबॉप, म्हणजे पार्कर वाजवायचा ती जॅझची शैली, नवं होतं आणि जुने जॅझवाले त्यावर नाक मुरडत होते. रसेलनं त्या संगीताच्या बाजूनं रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या मासिकात लेखमालाही लिहिली. म्हणजे समीक्षक तोच, कंपनीचा मालक तोच, काउंटरवर उभा राहून विकणाराही तोच. तुमच्या जत्रेतल्या टेबलापासून हे फार लांब नाही.

आता मुद्द्याचं. २८ मार्च १९४६ ला डायलसाठी पार्करची स्वतःच्या नावाची पहिली बैठक झाली. त्यात ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ वाजवताना एक जागा अशी येते की बाकीचे सगळे थांबतात आणि पार्कर एकटा काही सेकंद सुटतो. पहिल्याच खेपेला तो जे वाजवून गेला ते अचाट होतं, पण ती खेप पुढं साधली नाही. तबकडीवर गेली वेगळी खेप. रसेलनं मात्र तो फसलेला तुकडा जपून ठेवला आणि पुढं तेवढाच वेगळा काढला. अशी नजर नुसत्या समीक्षकाला नसते. समीक्षक पक्कं झालेलं गाणं ऐकतो. मुद्रण करणारा मात्र गाणं पक्कं होताना बघतो, थांबलेलं, चुकलेलं, परत उचललेलं. तुमच्या टेपवरचं ते गंधाराचं वाक्य याच जातीचं आहे आणि माझ्या मते तुमची कादंबरी तिथं आहे.

सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या स्पॉटलाइट कंपनीनं डायलची ही मुद्रणं सगळ्या खेपांसकट सहा एलपींत काढली. आमच्या दुकानात आली तेव्हा स्टुडिओंत वाजवणारे आपले गोंयकार वादक सुटीच्या दिवशी येऊन बसायचे. त्यातले एक सॅक्सोफोनवाले काका एकाच धुनेच्या साऱ्या खेपा ओळीनं ऐकायचे, डोळे मिटून, बोटं मांडीवर दाबत. एकदा मला म्हणाले, ‘बाबा, ह्या खेपेत तो शोधतोय, पुढच्या खेपेत त्याला मिळालंय. मला शोधतानाची जास्त आवडते.’ ज्यांनी हिंदी सिनेमासाठी जन्मभर वाजवलं आणि ज्यांचं नाव पडद्यावर फार कमी वेळा आलं, त्या माणसांतले ते. त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.

रसेलकडं दुसरी एक गोष्ट होती जी समीक्षकाकडं नसते. कागद. पार्करला हेरॉइनचं व्यसन होतं. लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अव्हेन्यूवर बूटपॉलिशचं दुकान चालवणारा एमरी बर्ड नावाचा माणूस त्याला माल पुरवायचा. त्याचं टोपणनाव मूस द मूच, आणि पार्करनं आपल्या एका धुनेला तेच नाव दिलं. एवढ्यावर थांबलं नाही. डायलकडून मिळणाऱ्या मानधनातला निम्मा वाटा पार्करनं कागदावर सही करून त्या माणसाच्या नावे केला. हा कागद कंपनीच्या मालकापर्यंत येतो. कुणा समीक्षकानं ‘व्यसनानं पोखरलेला कलावंत’ असं लिहिलं तर ते वाऱ्यावर जातं. हिशेबाच्या वहीतली ती एक ओळ वाचली की अंगावर येते.

तुमच्या भैरवीशी जुळणारी गोष्ट २९ जुलै १९४६ ची. त्या दिवशी पार्करची अवस्था अशी होती की त्याला धड उभं राहवत नव्हतं. तरी बैठक झाली. ‘लव्हर मॅन’ वाजवलं. सुरुवातीला तो आत यायला उशीर करतो, सूर अडखळत येतात, काही ठिकाणी नुसता श्वास. त्याच रात्री तो राहत होता त्या हॉटेलात आग लागली, त्याला अटक झाली, आणि पुढचे सहा महिने कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात गेले. रसेलनं ती तबकडी बाजारात आणली. कित्येकांना ती हृदयाला हात घालणारी वाटली, आजही वाटते. पार्करला मात्र ती बाहेर आल्याचा संताप होता आणि तो कधी गेला नाही. पार्कर रुग्णालयातून सुटावा म्हणून रसेलनं खटपट केली, त्याच सुमारास डायलचा करारही वाढवला गेला, हेही पार्करच्या मनात सलत राहिलं. १९५५ मध्ये पार्कर वारला, अवघ्या ३४ व्या वर्षी.

१९६१ मध्ये रसेलची कादंबरी आली, ‘द साउंड’. नायक रेड ट्रॅव्हर्स. सॅक्सोफोन काढून हातात ट्रम्पेट दिला आहे, पण ज्यानं पार्कर ऐकला आहे त्याला ओळख पटते. मग १९७३ मध्ये पार्करचं चरित्र आलं, ‘बर्ड लिव्ह्ज!’. आणि माझं सगळं म्हणणं या दोन पुस्तकांच्या क्रमाबद्दल आहे. कादंबरीत त्यानं संवाद रचले, प्रसंग रचले, तो त्याचा हक्क होता, वेष्टनावर कादंबरी असं लिहिलं होतं. पण ती सवय हाताला लागली आणि चरित्रातही तेच केलं. बंद खोलीत दोन माणसं काय बोलली, कुणाच्या मनात काय आलं, हे अशा थाटात लिहिलं की जणू हा तिथं बसला होता. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या किती गोष्टी खोडल्या! पण पुस्तक गाजलं, आणि रचलेली वाक्यं खरी म्हणून अजून फिरतात. त्या दोघांतलं प्रामाणिक पुस्तक मला कादंबरीच वाटतं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट. कादंबरी लिहा, नाव बदला, गाव बदला, आणि तिच्या तोंडी जे घालाल ते बेधडक रचा. पण एकदा रचलं की ‘सत्यकथेवर आधारित’ असं कुठंही म्हणू नका, प्रकाशनाच्या भाषणातसुद्धा नाही. भैरवीची ती बैठक कादंबरीत येऊ द्या, पण आजारापेक्षा काम लिहा: तिनं कुठं श्वास घेतला, भाच्यानं सूर कसा धरून ठेवला, तुम्ही यंत्राचा काटा बघत होता की तिच्याकडं. आणि ते मुद्रण मात्र काढू नका. ती नको म्हणाली. रसेलला पार्करनं आधी सांगितलं नव्हतं असं धरलं तरी तुम्हाला तर सांगितलेलं आहे.

धारगळचा नितळ

काकांनी एवढं लिहिल्यावर मी एकच भर घालतो. नॅट हेंटॉफ पण बघा. ‘डाउन बीट’ मासिकात जॅझवर लिहायचा, १९६० च्या सुमारास कँडिड या कंपनीसाठी चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच अशा जॅझवादकांची मुद्रणं त्याच्या देखरेखीत झाली. पुढं १९६५ मध्ये त्यानं किशोरांसाठी ‘जॅझ कंट्री’ ही कादंबरी लिहिली, एका गोऱ्या मुलाची, ज्याला ट्रम्पेट वाजवायचा आहे. ओळखीच्या मोठ्या कलावंताला नायक केलं नाही, शिकणाऱ्या पोराला केलं. सत्तरीकरदादा, तुमच्या गोष्टीत पेटीवरचा भाचा आहेच की.

शिरोड्याची

म्हापशेकरकाकांचं बरंच पटलं, पण नाव बदला हे मला पटत नाही. आणि ते मी घरातून सांगते आहे. माझी पणजी गायची. देवळात गायची, लग्नांत गायची, मुंबईत बोलावणी यायची. आज तिच्याबद्दल घरात उरलंय काय? एक फोटो आणि शेजारच्या गावात सांगितली जाणारी एक गोष्ट, जी ऐकून माझी आई उठून जायची. गाणं कुठल्या घराण्याचं होतं, कुणाकडं शिकली, कुठली पदं तिची म्हणून ओळखली जायची, हे कुणी लिहून ठेवलं नाही. गोष्ट मात्र प्रत्येकाला पाठ.

गोव्यात अशा बायकांच्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या. आपण नावं घेतो ती केसरबाईंची, मोगूबाईंची, अंजनीबाई मालपेकरांची. त्यांचं मोठेपण कुणी झाकू शकलं नाही म्हणून ती टिकली. कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथली जोती दिसायला लागतात आणि लोक मोगूबाईंचं गाव बघायला जातात. बाकीच्यांचं असं काहीच वर येत नाही. आणि आता ज्याच्याकडं खरा आवाज, खरी तारीख, खरं नाव आहे तोच नाव बदलून लिहिणार?

दुसरं, नाव बदलल्यानं काही लपत नाही. तुम्ही गाण्याच्या जागी सतार द्या, सत्तरी तालुक्याच्या जागी काणकोण करा, प्रकाशनाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलेलं असेल. मग कादंबरीत तुम्ही रचलेला एखादा पुरुष, एखादं भांडण, एखादं कर्ज हे तिचं म्हणून चिकटेल, आणि तिच्या लेकीला लग्नकार्यात ते ऐकावं लागेल. तिला लेक आहे का? तिला विचारलंत का? प्रश्नात तुम्ही वाचकांबद्दल लिहिलंत, स्वतःबद्दल लिहिलंत, घरच्यांबद्दल एक अक्षर नाही.

भैरवीबद्दल मी काकांच्या बाजूनं आहे, आणखी ठाम. केसरबाईंनी उत्तरायुष्यात मुद्रण देणं टाळलं. कितीतरी लोकांनी त्याबद्दल हळहळ केली. पण जे त्यांनी दिलं त्यातलं ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं, आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. काय द्यायचं आणि काय नाही हे ठरवणं हासुद्धा त्यांच्या गाण्याचा भाग होता. तुमच्या बाईंनीही तेच केलं.

सत्तरीकर

शिरोड्याची ताई, तुमचं दोनदा वाचलं. लेक आहे. फोंड्याला असते, शाळेत शिकवते. आईच्या मुद्रणांची एक प्रत मी तेव्हाच तिला दिली होती, भैरवी सोडून. कादंबरीचं तिच्याशी अजून बोललो नाही, आधी इथं विचारावंसं वाटलं. रागावणारी बाई नाही ती, पण आईच्या मुंबईतल्या दिवसांचा विषय निघाला की गप्प होते. काका, तुम्ही म्हणता नाव बदला, ताई म्हणते बदलू नका. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात.

पणजीतला एक वकील

कायद्यापुरतं सांगतो, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

मुद्रणाच्या टेपा तुमच्या असल्या तरी गाणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलावंताच्या सादरीकरणाचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आले. सादरीकरण झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं ते चालतात. २०१२ च्या दुरुस्तीनं कलावंताला नैतिक हक्कही मिळाले: त्याचं नाव लावलं जाणं, आणि त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड न होणं. तुमचा तिच्याशी लेखी करार काय होता ते आधी काढून बघा. तोंडी ‘नाही’ म्हटलेलं असेल आणि साक्षीला भाचा असेल तर ते मुद्रण काढायचा विचार सोडा.

दुसरं, बदनामी. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असं बऱ्याच लेखकांना वाटतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ती होऊ शकते, जर लिहिलेलं त्या व्यक्तीच्या हयातीत तिच्या अब्रूला धक्का देणारं ठरलं असतं आणि ते घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलं असेल. जुन्या दंडविधानात हेच कलम ४९९ मध्ये होतं. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी लावली म्हणजे सुटलात असं नाही. लेकीची लेखी संमती घ्या. तिनं पुस्तक आवडून घ्यावं अशी सक्ती नाही, पण छापायच्या आधी तिनं वाचलेलं असावं.

म्हापशेकर

शिरोड्याच्या बाईंचं मान्य आहे, आणि त्यातून मला वाट दिसते ती सांगतो.

रसेलचा क्रम उलटा करा. त्यानं आधी कादंबरी लिहिली आणि मग त्याच हातानं चरित्र. तुम्ही आधी खऱ्या नावानं एक छोटं पुस्तक करा. चाळीस-पन्नास पानांचं चालेल. त्यात एक वाक्यही रचायचं नाही. तिचं नाव, जन्माचं साल माहीत असेल तर ते, कुणाकडं शिकली, कुठल्या जत्रेत कुठल्या नाटकात कुठली पदं म्हटली, कुणाकुणाला शिकवलं. मधल्या वीस-पंचवीस वर्षांचं जेवढं मिळेल तेवढं, आणि मिळालं नाही तिथं पान तसंच पुढं जाऊ द्या. तुमच्याकडच्या प्रत्येक मुद्रणाची नोंद करा: तारीख, जागा, साथीला कोण, पद कुणाचं, राग कुठला, कुठं थांबली आणि काय बोलली. भैरवीची पण नोंद करा. ‘गायिकेच्या इच्छेनुसार अप्रकाशित’ एवढं लिहिलं की पुरे. लेकीला ते पुस्तक वाचायला द्या, बाकीची मुद्रणं तिच्या संमतीनं त्याच्याबरोबर काढा.

तेवढं झालं की तिचं नाव तिच्या जागी पक्कं बसलं. मग कादंबरी लिहायला घ्या, आणि ती तिच्यावर लिहू नका. धारगळच्या त्या मुलानं म्हटलं ते लक्षात घ्या. पेटीवर बसलेला भाचा घ्या. किंवा तुमच्यासारखा माणूस घ्या, जो दिवसभर गावोगाव जाऊन गाणी पकडतो, रात्री पेपरला मजकूर देतो, आणि ज्याच्या कपाटात एक टेप आहे जी त्याला वाजवायची नाही. त्या माणसाच्या मनातलं तुम्हाला रचायची गरजच नाही. रसेलच्या कादंबरीतही एक गोरा पियानोवाला आहे, ट्रॅव्हर्सच्या आसपास वावरणारा, त्याच्या वाजवण्यानं ओढला गेलेला. माझ्या वाचण्यात ते पुस्तक जिथं त्या माणसाच्या कानातून ऐकतं तिथं जिवंत होतं, आणि जिथं ट्रॅव्हर्सच्या व्यसनाचं, बायकांचं रंगवत बसतं तिथं एकदम पडतं. दुरून आलेल्या माणसानं काळ्या वादकाची दंतकथा करून टाकल्यासारखं होतं. तसं आपल्याकडं गाणाऱ्या बायकांचं भरपूर झालेलं आहे, ताई सांगतेच आहे.

आणि एक. हिशेबाच्या वह्या ठेवल्या आहेत का? तिला किती दिलं, भाच्याला किती, तबलेवाल्या पोराला किती, कॅसेटची किंमत काय लावली, कुठल्या जत्रेत किती खपल्या. टाकल्या नसतील तर टाकू नका. रसेलनं स्वतःचे सगळे कागद जपले आणि ते आज टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहेत. चरित्रातल्या गोष्टी तपासायला लोकांना त्याच कागदांचा उपयोग होतो.

शिरोड्याची

हे चालेल. लेकीला भेटायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, नुसते बोलू नका. गंधाराचं ते वाक्य तिला ऐकवा. आईचं गाणं तिनं पुष्कळ ऐकलं असेल, असं दटावणं टेपवर आहे हे कदाचित माहीत नसेल.

सत्तरीकर

सगळ्यांना देव बरं करो. वह्या आहेत, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत. वाळवी लागली नसेल तर पुरे. रविवारी फोंड्याला जातो, दिवाळीच्या सुटीआधी तिला सवड असते.

नोंदींचं काम कालच सुरू केलं आणि पहिल्याच टेपवर अडलो. दोन पदं ओळखता येतात, नाटक कळतं. तिसरं पद कुठल्या नाटकातलं ते सापडत नाही. मधल्या सप्तकात सुरू होतं, चाल मांडसारखी, आणि ती ते म्हणायच्या आधी फक्त ‘हे आमच्या गावच्या मास्तरांचं’ एवढंच म्हणते. गावच्या शाळेतले मास्तर जत्रेसाठी नाटकं लिहायचे, त्यातलं असावं. अशी न छापलेली नाटकं कुठं बघायला मिळतील?

म्हापशेकर

पणजीत पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोव्याच्या विभागात विचारा, तिथले लोक मदत करतात. पण हस्तलिखित असेल तर ते मास्तरांच्या घरीच असणार किंवा देवस्थानच्या कपाटात. जुन्या महाजनांपैकी कुणी आहे का पाहा. नाटकाच्या वह्यांबरोबर पात्रांची यादी असते, तिच्यात बाईंचं नाव सापडलं तर साल पण मिळून जाईल. आणि पदाचे शब्द टेपवरून उतरवून इथं टाका, बाकी कुणाच्या गावात ते म्हटलं गेलं असेल तर सांगतील.

शिरोड्याची

टाकाच. माझी आई अजून अशी पदं ओळखते, ऐकवून बघते.